काय वाचून राह्यले सध्या?

आमच्याकडे पावसाळ्याआधी घरामागच्या भिंतीला लागून सरपण रचून ठेवतात. रोज एकदोन लाकडं येतात, कोणी लक्ष देत नाही, आणि एक दिवस बघावं तर ढीग खिडकीला टेकलेला असतो. किस्स्यांचं असंच होतं. परवा पुण्याचे जुने मित्र भेटले आणि म्हणाले, "तुमच्या त्या आलापल्लीच्या वाचनकट्ट्याचा एखादा किस्सा सांग की!" मी वरचं एक लाकूड ओढलं आणि अख्खा ढीग अंगावर आला. अशा ढिगात विंचूही असतात. ते तेवढे चालवून घ्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिक्षण संपवून मी पुण्याहून गावी परत आले होते. डोक्यात एकच खूळ. आपल्या गावात लोकांनी वाचलं पाहिजे, वाचलेल्यावर बोललं पाहिजे, मग गाव बदलेल, मग जिल्हा बदलेल, मग सगळंच बदलेल! त्या वयात 'मग' हा शब्द फार स्वस्त असतो.

ठरलं असं, की दर रविवारी संध्याकाळी डोंगरे गुरुजींच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, जमायचं. प्रत्येकानं एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. सध्या काय वाचताय? बस्स, एवढाच कार्यक्रम.

पहिल्या रविवारी तिघं आले. डोंगरे गुरुजी, कारण छपरी त्यांचीच होती. मडावीभाऊ, जंगलाच्या नाक्यावर लाकडाच्या गाड्या तपासणारे नाकेदार, कारण त्यांची ड्युटी संपली होती. आणि एसटीचे कंडक्टर उराडे, कारण त्यांची गाडी पंक्चर झाली होती.

पुढेही आम्ही चौघंच राहिलो. मी मात्र त्याला चळवळ म्हणायचे!

*

उराडेंचं वाचन निराळंच होतं. ते फक्त गाडीत राहून गेलेली पुस्तकं वाचायचे. प्रवासी विसरून जायचे, आणि ड्युटी संपल्यावर सापडलेली वस्तू जमा करावी लागायची. म्हणजे चंद्रपूर ते आलापल्ली जेवढं वाचून होईल तेवढंच त्यांचं.

"काय वाचून राह्यले सध्या, उराडे?" गुरुजींनी विचारलं.

"आता काय सांगू गुरुजी! बल्लारशाले एक खून झाला. आष्टीले दुसरा झाला. आलापल्ली आली तरी खुनी सापडला नाई, अन् पुस्तक जमा करा लागलं!"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मंग खुनी अजून गाडीतच असन. उद्या तिकीट देताना जपून राहा."

*

मडावीभाऊ वाचायचे बोटानं. ओळीखालून बोट सरकवत, ओठ हलवत. एक पुस्तक संपवायला त्यांना अख्खा हंगाम लागायचा. एकदा मी एक रहस्यकथा आणली. ती त्यांच्याकडे असतानाच उराडेंनी, ज्यांना ती योगायोगानं गाडीत दोनदा सापडली होती आणि म्हणून पुरी झाली होती, भर छपरीत सांगून टाकलं, "तो मुनीम हाय ना, त्यानंच मारलं!"

मडावीभाऊंनी पुस्तक मिटलं. "आता मी काऊन वाचू?" एवढंच बोलले आणि घरी गेले. पुढच्या रविवारी आलेच नाहीत.

मग गुरुजींनी नियम केला. "शेवट कोनी कोनाले सांगाचा नाई. तिथवर ज्यानं त्यानं आपल्या पायानं जाचं."

"अन् पायानं जाता नाई आलं तं?" उराडे.

"तं मंग चौघाच्या खांद्यावर जाचं! तसाबी शेवट येतेच."

आम्ही हसलो. आतून वैनींचा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा, आवाज आला, "दिवेलागणीच्या टायमाले असं बोलत जाऊ नका जी!" वैनी छपरीत कधीच यायच्या नाहीत. काळा चहा दारातून पुढे सरकवायच्या आणि दाराआड बसून तांदूळ निवडायच्या. रविवारी त्या घरात फार तांदूळ निवडले जायचे.

*

आता माझं ऐका. मी पुण्याहून एक जाडजूड ग्रंथ आणला होता. समाज कसा मोडायचा आणि नव्यानं कसा बांधायचा, असा विषय. मी तो गुरुजींना दिला आणि वर तासभर भाषणही दिलं. गुरुजी प्रामाणिक माणूस. महिनाभर चष्मा पुसत पुसत त्यांनी तो पुरा केला.

"कसा वाटला, गुरुजी?"

"चांगला हाय पोरी. या पुस्तकात लोक मोप हायेत. पन मानूस एकबी नाई."

मी दोन रविवार फुगून बसले. मग पुढच्या खेपेला पुण्याहून एक कादंबरी आणली. समुद्रकाठच्या एका नावाड्याची. तो घर सोडून दूर पाण्यावर जातो, घरी बायको वाट बघते, आणि पुस्तकभर तो परत यायला निघालेला असतो. साधीच गोष्ट, पण मी ती रडत रडत वाचली होती.

पहिला नंबर मडावीभाऊंनी लावला. ओठ हलवत हलवत त्यांनी अख्खा हिवाळा त्या समुद्रात काढला.

"समुद्र पाह्यला काय भाऊ कधी?" उराडेंनी विचारलं.

"नाई. भामरागडले तीन नद्या मिळते, तेवढं पाह्यलं. पन मले सांगा, एवढं पानी, अन् पेता येत नाई म्हंते! हे काई मले पटत नाई."

पुस्तक परत करताना ते म्हणाले, "चांगलं हाय. शेवट तेवढा नाई आवडला."

"नियम!" गुरुजी ओरडले.

"सांगतला कुठी? आवडला नाई, एवढंच बोललो ना बाप्पा!"

शेवट मला माहीत होता. त्या कादंबरीत नावाडी घरी पोचत नाही. मडावीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी चहा पिऊन टाकला. पुस्तक गुरुजींकडे गेलं.

*

गुरुजींच्या घरात एक कपाट होतं. सागाचं. छप्पन साली त्यांच्या वडलांनी दीक्षा घेतली, तेव्हा घरातल्या देवांची जागा रिकामी झाली. वडलांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी त्या जागी एक फळी ठोकली आणि म्हणाले, "इथी पोराची पुस्तकं राहीन." पुढे गुरुजी मास्तर झाले, पुस्तकं वाढली, आणि फळीचं कपाट झालं. ती जुनी फळी त्यांनी त्यात मधल्या खणाला बसवून घेतली होती.

एकदा ब्रह्मपुरीहून पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईनं जेवणाच्या वेळी मदत करावी म्हणून ते कपाट उघडलं आणि तिथंच उभी राहिली. "अगे माय! मंग ताटं कुठी ठेवता तुमी?"

वैनी म्हणाल्या, "ताटं चुलीमागं हायेत बाई. इथी मास्तरचं पोट हाय."

त्याच वर्षी गुरुजींचा खोकला वाढला. चंद्रपूरच्या डॉक्टरनं नागपूरला धाडलं. नागपूरच्या डॉक्टरनं घरी धाडलं.

त्या रविवारी मी नेहमीचा प्रश्न विचारला. गुरुजी म्हणाले, "नावाडीच वाचून राह्यलो. अर्ध्यात हाय. पन आता कपाटाची सोय करा लागन." भामरागडला त्यांची पहिली नेमणूक झाली होती. तिथल्या शाळेत पुस्तकं नव्हती. कपाट पुस्तकांसकट तिकडे पोचवायचं, आणि तेही पावसाच्या आत, कारण एकदा पाऊस लागला की तिकडचा रस्ता बंद.

*

मेटॅडोर मी ठरवली. कपाट दोरखंडानं बांधलं. धूळ लागू नये म्हणून गुरुजींनी हातातली कादंबरीही, उराडेंनी दिलेलं एसटीचं तिकीट खूण म्हणून घालून, मधल्या फळीवर ठेवली आणि कुलूप लावलं. वाटेत काढून वाचायची, असा बेत. ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले, मी मागे कपाटाला धरून. मी त्या दिवशी गाणंही म्हणत होते. ज्ञानाची गाडी जंगलात निघाली होती ना!

नाक्यावर मडावीभाऊ होते. हात हलवून आडवा बांबू उचलणार, तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या जीपमधून नवीन साहेब उतरले.

"हे कपाट कशाचं?"

"सागाचं, साहेब," मडावीभाऊ म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला.

"वाहतुकीचा पास?"

सागाचं लाकूड पासाशिवाय नाक्यापुढे जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गुरुजींचा जन्म या रानात गेला. मडावीभाऊंची नोकरीच ती. मी तर पदवीधर! पण कपाट म्हणजे सागवान असतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमच्या लेखी ती पुस्तकं होती.

जप्त लाकडावर खूण ठोकायचा हातोडा मडावीभाऊंच्या हातात होता. तो काही वर उचलेना. शेवटी गुरुजीच खिडकीतून म्हणाले, "ठोक गा मडावी. तुयी नोकरी हाय."

हातोडा सागावर बसला. तो आवाज मी अजून विसरले नाही.

मग मी भाषण केलं. ज्ञान, स्वातंत्र्य, आदिवासी मुलांचा हक्क, सगळं! साहेबांनी मध्ये न बोलता ऐकलं आणि कागद पुढे केला. "छान बोलता मॅडम. इथं पंच म्हणून सही करा."

"पुस्तकं तरी काढून घेऊ द्या," मी म्हणाले.

साहेबांनी पंचनामा वाचून दाखवला. "सागवानी कपाट, एक नग. पुस्तकांचा उल्लेख नाही. जे नाहीच, ते बाहेर कसं काढणार?"

कुलपावर लाखेचं सील बसलं. कपाट लाकडांच्या आवारात गेलं आणि ओंडक्यांच्या रांगेत, उघड्यावर, उभं राहिलं. आठवड्यात पाऊस लागला.

*

पुढच्या रविवारी मडावीभाऊ आले आणि छपरीच्या खाली, पायरीवर बसले. छत्री न उघडता. गुरुजींनी नेहमीसारखी सुरुवात केली. उराडेंनी काहीतरी सांगितलं, मी काहीतरी सांगितलं.

"मडावी, काय वाचून राह्यले सध्या?"

"जप्त मालावरचा नंबर," मडावीभाऊ खाली मान घालून म्हणाले. "रोज वाचतो, गुरुजी."

पाऊस पडत राहिला. गुरुजी खोकले, खोकला थांबेपर्यंत आम्ही थांबलो.

"वरती बस," गुरुजी म्हणाले. "भिजून राह्यला नं. माही पुस्तकं भिजते तेवढी पुरे हाय."

*

पावसाळाभर मी अर्ज घेऊन फिरले. दसरा झाल्यावर साहेबांनी मोठ्या मनानं प्रकरण निकाली काढलं. मडावीभाऊ, उराडे आणि मी कपाट आणायला गेलो. साहेबांनी कपाटावर टकटक करून बघितलं, पाठ बघितली, पाय बघितले आणि खूश झाले. "बघा! चार महिने मातीत उभं होतं, पण सागाला वाळवी लागत नाही. माल एकदम ओके!"

मडावीभाऊंनी सील तोडलं, दार उघडलं.

आत फक्त माती होती. खालच्या फटीतून वाळवी चढली होती. सागाला तिनं तोंड लावलं नव्हतं, गुरुजींच्या वडलांची फळी शाबूत होती, आणि फळीवर पुस्तकांच्या जागी पुस्तकांच्या आकाराचे मातीचे थर उभे होते. हात लावला की खाली बसत होते.

उराडे म्हणाले, "साऱ्याचा शेवट एकच निघाला."

या वेळी नियम कोणी काढला नाही.

गुरुजींना सांगायचं नाही, असं आम्ही वाटेत ठरवलं. तोवर ते खाटेला लागले होते, खाट छपरीत आणून टाकली होती. आमचे रिकामे हात बघून ते म्हणाले, "काय म्हंते वाळवी? काय वाचून राह्यली सध्या?"

उराडे उगाच चपला झटकू लागले.

"माहा नावाडी?"

"तोबी, गुरुजी," मडावीभाऊ म्हणाले.

"पुरा?"

"पुरा."

"चाला," गुरुजी भिंतीकडे कूस वळवत म्हणाले, "कोनाचा तरी वाचून झाला."

*

आता शेवटचा.

दुसऱ्या दिवसापासून मडावीभाऊ रोज संध्याकाळी ड्युटी संपली की गुरुजींच्या खाटेशी येऊन बसू लागले. "गुरुजी, मी हे वाचलेलं हाय. तुमी कुठवर आले होते ते सांगा, पुढचं मी सांगतो."

पुण्याहून दुसरी प्रत मागवायला मी पत्र टाकलं होतं. उत्तर आलं, पुस्तक बाजारात नाही. मग मीही रोज जाऊन बसू लागले. उराडेही, गाडी मुक्कामी असली की.

मडावीभाऊंनी नावाड्याला घरी जायला काढलं. पहिल्या दिवशी गोष्ट पुस्तकातलीच होती. दुसऱ्या दिवशी समुद्रकाठी मोह गळायला लागला. मग तेंदूपत्त्याचा फड लागला.

गुरुजींनी डोळे उघडले. "समुद्राच्या काठी तेंदू होते काय गा?"

"त्या भागात होते, गुरुजी."

"हं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

नावाडी काही घरी पोचेना. त्याला हिवताप आला. तो बरा झाला, तर नाव फुटली. ती दुरुस्त झाली, तर वाटेत नाका लागला. "नाव लाकडाची होती ना, गुरुजी. पास नोता. जप्त केली."

गुरुजी इतके हसले, की वैनी पाणी घेऊन धावत आल्या. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "नाकेदार कोन होता?"

"होता एक गधा," मडावीभाऊ म्हणाले.

थंडी वाढली तसे गुरुजी खंगत गेले. घोटभर पेजही उतरेना. एके संध्याकाळी मडावीभाऊंनी सांगितलं, "आता त्याले गाव दिसून राह्यलं, गुरुजी. घरात दिवा लागला हाय, तोबी दिसून राह्यला. पन समुद्राले पूर आला. वाट बंद हाय."

मी तोंड उघडलं. "मडावीभाऊ, समुद्राला कधी..." उराडेंनी माझ्या पायावर पाय ठेवला.

पूर उतरेना. दुसऱ्या दिवशी पूर, तिसऱ्या दिवशीही पूर. बाहेर ऐन हिवाळा, आमच्या नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं, बैलगाड्या पात्रातून जात होत्या. आणि छपरीत रोज संध्याकाळी मडावीभाऊ सांगायचे, "आजबी पानी वाढूनच राह्यलं, गुरुजी. नावाडी काठावर बसून हाय."

रविवार आला. आमचा वार. गुरुजींना बोलायलाही धाप लागत होती, पण प्रश्न त्यांनीच विचारला, एकेकाला, सावकाश. उराडेंनी सांगितलं. मी सांगितलं. मग गुरुजींनी मडावीभाऊंचा हात धरला.

"मडावी, तो मानूस लय थकला गा. काठावर बसून बसून."

"हो, गुरुजी."

"आज पूर उतरू दे."

मडावीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ते पुस्तक वाचलेले आम्ही दोघंच होतो. मला त्यांच्याकडे बघता येईना. त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"बरं, गुरुजी," ते म्हणाले. "तं आज सकाळी काय झालं, का पानी जरासं..."

दाराआड तांदळाचं सूप खाली आपटल्याचा आवाज झाला. आणि इतक्या रविवारांत ज्यांनी छपरीत पाऊल टाकलं नव्हतं, त्या वैनी उंबरा ओलांडून बाहेर आल्या, खाटेच्या आणि मडावीभाऊंच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"कुठी उतरला पूर? मी आताच पाहून आली. पुलावरून पानी हाय अजून!"